सध्या ऐपत नाही

कॉलेजचं शिक्षण सरकारने फुकट द्यावं की नाही, या एकाच विषयावर मी आयुष्यात तीनदा भाषण केलं. तिन्ही वेळा ‘देऊ नये’ असं सांगितलं आणि तिन्ही वेळा जिंकलो. एकदा जरी सपशेल आपटलो असतो तरी माझं भलं झालं असतं. पण देवाने मला अक्कल देताना हात आखडता घेतला आणि जीभ देताना सढळ सोडला, त्याला आता कोण काय करणार!

पहिलं भाषण मुंबईचं, सन एकोणीसशे तिसाच्या आधीचं. मी तिथल्या एका सरकारी कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षाची माझी फी मामाने भरली होती. मामा गिरणीत कामाला. मी त्याच्याच खोलीत राहत होतो, त्याच्याच घरचं जेवत होतो आणि त्याच्याच घोंगडीवर झोपत होतो. त्याने मला आधीच बजावून ठेवलं होतं, “भाच्या, एक वरीस मी बघतो. पुढचं तू आणि तुझा बापूस बघा.” म्हणजे मागची फी दुसऱ्याने भरलेली आणि पुढची कोण भरणार याचा पत्ता नाही, असा मी एक इसम होतो. आता या इसमाने काय केलं ते ऐका.

कॉलेजात वादविवादाचं मंडळ होतं. सरकारने कॉलेजचं शिक्षण मोफत करावं काय, असा विषय निघाला. कोणी कुठल्या बाजूने बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. माझी चिठ्ठी निघाली ‘करू नये’ची. ‘करावे’ची निघाली असती तर मी तितक्याच तावातावाने तिकडून बोललो असतो, कारण मला मत म्हणून काही नव्हतंच, होता तो फक्त खणखणीत आवाज. मी सांगितलं की फुकट मिळालेल्या विद्येला किंमत राहत नाही. मी विचारलं, गुडघाभर चिखलात उभं राहून भात लावणाऱ्या शेतकऱ्याने शेतसारा भरावा आणि त्या पैशावर आम्ही पंख्याखाली बसून इंग्रजी कविता म्हणाव्यात, हा कुठला न्याय? हा मुद्दा वाईट नव्हता, आजही मला तो वाईट वाटत नाही. मग मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “ज्याला स्वाभिमान आहे तो सरकारच्या दारात पदर पसरणार नाही!” आणि टाळ्या अशा पडल्या की विचारू नका. मला चांदीचं पदक मिळालं.

ते पदक मी कोटाला लावूनच मे महिन्याच्या सुट्टीत आगबोटीत बसलो. मुंबई ते रत्नागिरी एवढ्या प्रवासात ते शंभर लोकांना दिसेल असा माझा हिशेब. रत्नागिरीला आगबोट बंदराच्या बाहेर उभी राही आणि पडावातून किनाऱ्यावर उतरावं लागे. पडावात माझ्या शेजारी वाडीतलीच एक म्हातारी बसली होती. तिने पदक निरखून पाहिलं आणि म्हणाली, “बरं झालं हो! पट्टेवाल्यात लागलास वाटतं? बिल्ला चांगला दिलाय.” मी तिला समजावून सांगायला गेलो, तेवढ्यात लाट आली आणि माझा कोट कमरेपर्यंत भिजला.

वडील किनाऱ्यावर आले होते. त्यांना वाडीत सगळे तांडेल म्हणत. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य खलाशी. वाऱ्याची, शिडाची आणि माणसांची जबाबदारी त्याच्यावर. खाली मलबारापर्यंत आणि वर कराचीपर्यंत ते गलबत घेऊन गेलेले. पण आगबोटींनी माल पळवला, गलबताच्या मालकाने गलबत मोडीत काढलं आणि वडील पडवीत बसून दुसऱ्यांची फाटकी शिडं शिवू लागले. दिवसभर मांडीवर कापड आणि हातात दाभण. लोक मात्र अजून तांडेलच म्हणत, आणि हाक मारली की वडील तांडेलासारखेच ‘ओ’ देत.

मी पदक त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, दातांनी चावून पाहिलं, आणि आयेच्या हातात दिलं. आयेने ते देवापाशी ठेवलं. मी ते तिथून काढून पडवीतल्या खुंटीला टांगलं. देवघरात कोण बघणार!

आता फीचं काय, हा प्रश्न होता. मुंबईहून निघताना एका प्राध्यापकांनी मला नादारीचा अर्ज भरायला लावला होता. नादारी म्हणजे फी माफ. ज्याच्या बापाची ऐपत नाही त्याला सरकारी कॉलेजात ती मिळू शके. स्वाभिमानावरचं माझं भाषण त्या प्राध्यापकांनी ऐकलं होतं. अर्ज देताना ते मिश्यांत हसले, आणि मी खाली मान घालून सही केली. पण अर्ज करून भागत नव्हतं. तालुक्याच्या कचेरीतून सर्कल घरी यायचा होता. सर्कल म्हणजे तलाठ्याच्या वरचा आणि मामलेदाराच्या खालचा अंमलदार. त्याने घर बघायचं, बापाने आपल्या तोंडाने ‘ऐपत नाही’ म्हणून सांगायचं, दोन पंचांनी दुजोरा द्यायचा, आणि मग दाखला. पावसाळ्यात आगबोटी बंद होत. शेवटच्या बोटीच्या आत दाखला हातात पडला तर माझं कॉलेज. नाहीतर बंदरावरच्या एका वखारीत मापाऱ्याची जागा माझ्यासाठी बोलून ठेवलेली होती. भाताच्या गोणी मोजायच्या आणि ओरडून आकडा सांगायचा. आवाज खणखणीत होताच.

वडिलांनी काय बोलायचं ते वाक्य मीच तयार केलं. कचेरीत शोभेल असं: “मुलाची कॉलेजची फी भरण्याची माझी ऐपत नाही.” वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तेव्हा ते पाठ करणं आलं. शीड शिवता शिवता ते म्हणत, “मुलाची कॉलेजची फी भरण्याची...” इथपर्यंत गाडी नीट येई. मग दाभण थांबे. मग ते म्हणत, “...सध्या माझी ऐपत नाही.”

“बाबा, ‘सध्या’ नाही त्यात,” मी म्हणे.

“सध्या नाय तर मग कधी?”

“तसं नव्हे. ‘सध्या’ हा शब्दच घालायचा नाही. सर्कल म्हणेल, सध्या नाही म्हणजे दिवाळीला असेल. दाखला अडकवून ठेवेल.”

“बरं,” म्हणत ते पुन्हा सुरुवात करीत, आणि पुन्हा ‘सध्या’वर येऊन थांबत. आठ दिवस हेच. मी वैतागलो. वादळात शिडं उतरवणाऱ्या माणसाला एक शब्द गाळता येऊ नये! आये चुलीपासून ओरडे, “अवो, तो सांगतो तसं म्हणा ना! सध्या काय नि पुढं काय, तेवढं बोलून मोकळे व्हा.” शेवटी सर्कल यायच्या आदल्या दिवशी त्यांनी ‘सध्या’वाचून वाक्य लागोपाठ तीनदा म्हणून दाखवलं. मी असा खूश झालो की त्यांची पाठ थोपटायचीच काय ती बाकी ठेवली.

सर्कल येणार म्हटल्यावर वाडीत धावपळ सुरू झाली. आता तुम्ही म्हणाल, गरिबी बघायला येणाऱ्या माणसासाठी धावपळ कसली? तो येईल, बघेल, जाईल. अहो, तुम्हाला आमची माणसं ठाऊक नाहीत! दारात आलेल्या माणसाला तसंच पाठवायचं म्हणजे नाक कापलं गेलं. तो कशासाठी आलाय हे नंतर. “सायब बसणार कुठं?” वडील म्हणाले, आणि पोस्टमास्तरांकडून खुर्ची आली. भजनी मंडळाचं जाजम आलं. शेजारच्यांनी पितळेचं ताट दिलं, पलीकडच्यांनी वाट्या, त्यांच्या पलीकडच्यांनी तांब्या-पेला. पावस गावच्या आत्याने पेंढ्यात घातलेले हापूस पाठवले. पहाटे होडीवरून आलेली सुरमई एका माणसाने थेट आमच्या ओट्यावर आणून ठेवली आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही.

तुम्हाला वाटेल, मी शिकलेला, मी तरी हे थांबवलं असेल. छे! मी त्यात भर घातली. पडवीत फाटक्या शिडांचा ढीग होता. तो बघून माझा जीव खाली-वर होत होता: मुंबईच्या कॉलेजात पदक मिळवलेल्या माणसाच्या दारात हा चिंध्यांचा बाजार! ती सगळी शिडं मी माझ्या हातांनी उचलून मागच्या गोठ्यात नेऊन टाकली. दोऱ्याचे गुंडे, मेण, दाभणाचा डबा, सगळं गोठ्यात. ज्या एका गोष्टीकडे बोट दाखवून ‘बघा साहेब, आमचं असं आहे’ म्हणता आलं असतं, ती मी झाकून ठेवली. मग मामाने दिलेला बंद गळ्याचा कोट घातला आणि मे महिन्याच्या उकाड्यात घामाने निथळत पदकाखाली उभा राहिलो. दीड शहाणा म्हणतात तो हाच.

सर्कल घाटावरचा होता. पोक्त, शांत माणूस. पडवीत आला, खुर्चीवर बसला, घाम पुसला. आमच्या हातचं जेवायला त्याची ना नव्हती, त्यामुळे आयेने त्याला आधी जेवायलाच बसवलं. सुरमईचं कालवण, तळलेल्या तुकड्या, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि वर हापूस. काटे काढायची त्याला सवय नव्हती. तो एकेक काटा हुडकत होता आणि वडील त्याच्या पुढ्यात बसून “हळू, सायब, पाठीकडून धरा,” असं शिकवत होते. जेवताना त्याने ताट थोडं फिरवून त्याच्या काठाकडे बघितलं. वाटी उचलून तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, माणूस आमच्या भांड्यांचं कौतुक करतोय.

हात धुऊन आल्यावर त्याची नजर खुंटीकडे गेली. “हे पदक कशाचं?” त्याने विचारलं.

वडिलांचा चेहरा फुलला. “पोराने भाषण केलान मुंबईत. आम्ही काय ऐकलं नाय. सायबांना म्हणून दाखव की रे!”

मी ‘नको नको’ म्हटलं. एकदाच म्हटलं. मग कोटाचं बटण नीट केलं आणि सुरू झालो. उचलली जीभ लावली टाळ्याला! अहो, मी तिथे थांबू शकलो असतो. विषय बदलू शकलो असतो. आंब्यावर बोलू शकलो असतो. पण पडवीत पंच बसलेले, कुंपणापाशी वाडीतल्या बाया जमलेल्या, समोर सरकारचा माणूस. असा श्रोता मला परत कधी मिळणार? मी फुकटच्या विद्येचे वाभाडे काढले. चिखलातला शेतकरी आणला. आणि शेवटी छातीवर हात ठेवून, “ज्याला स्वाभिमान आहे तो सरकारच्या दारात पदर पसरणार नाही!” हे वाक्य असं फेकलं की गोठ्यातली म्हैस ओरडली. वाडीने टाळ्या वाजवल्या. त्यांना अर्थ किती कळला देव जाणे, पण पोरगं अडखळत नाही एवढं त्यांना कळलं.

सर्कल टाळ्या न वाजवता माझ्याकडे बघत होता. मग त्याने दप्तर उघडलं आणि पंचांना विचारलं, “यांची परिस्थिती कशी आहे?”

पंच म्हणजे आमचेच दोन शेजारी. एकाचं ताट आणि एकाच्या वाट्या. दोघांना सगळं ठाऊक होतं. काल त्यांनीच मला ‘होईल रे तुझं काम’ म्हणून धीर दिला होता. पण तांडेलाच्या पडवीत बसून, तांडेलाच्या तोंडावर, परक्या माणसाला सांगायचं की हा गरीब आहे? एक जण चाचरत म्हणाला, “तांडेल काय सायब, राजा माणूस!” दुसरा म्हणाला, “आमच्या अडीनडीला धावून येणारा. त्यांना काय कमी हाय?” आणि प्रेमाने, खऱ्या प्रेमाने, दोघांनी माना डोलावल्या.

सर्कलने लेखणी खाली ठेवली. वडिलांकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, “तांडेल, पंचांचं राहू द्या. तुम्ही तोंडाने सांगा. तुम्ही सांगाल ते मी लिहितो.”

वडील ताठ बसले. त्यांनी घसा खाकरला. मला दिसत होतं, वाक्य त्यांच्या ओठापर्यंत आलं होतं. “मुलाची कॉलेजची फी भरण्याची...” ते म्हणाले, आणि थांबले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अजून पदकाखाली उभा होतो, छातीवरचा हातही पुरता खाली आला नव्हता. ते म्हणाले, “पोराने आताच सांगितलान ना, सायब. तो शिकलेला हाय. त्याला नको तर मी कसा मागू?”

सर्कल गेला. जाताना आयेने त्याच्या सोबतच्या माणसाजवळ चार आंबे दिले. मी जाजमावर उभा. खरं सांगतो, तोपर्यंत माझ्या कानांत टाळ्याच होत्या. आये भांडी गोळा करत होती. ताट उचलता उचलता ती म्हणाली, “बोललास ना? आता भाषणाने फी भर, मेल्या.” आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, आणि तोही बापाच्या हातून उचलून आणून, अशातली गत. मी गोठ्यात जाऊन शिडांच्या ढिगावर बसलो आणि रडलो. वखार, गोण्या, मापारी, सगळं दिसायला लागलं. एकोणिसाव्या वर्षी माणूस स्वतःसाठी फार छान रडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून वडील बाहेर पडले. “शिडाचं कापड बघून येतो,” म्हणाले. दुपारी परत आले ते रिकाम्या हाताने. कापड पसंत पडलं नाही म्हणाले, आणि जेवून दाभण घेऊन बसले.

आणि चौथ्या दिवशी तलाठ्याने दाखला आणून दिला! नादारी मंजूर. आयेने देवापुढे साखर ठेवली. मी दाखला तीनदा वाचला... नाही, खोटं कशाला बोलू, मी वाचलाच नाही. फक्त खालचा शिक्का आणि सही बघितली. लखोट्यात घातला आणि शेवटच्या बोटीने मुंबईला नेऊन कॉलेजच्या कारकुनाच्या हातात दिला. कारण माझ्या मनाने तोवर सगळा उलगडा करून टाकला होता. सर्कल माझ्या भाषणावर खूश झाला! असा बाणेदार पोरगा, याला नाही द्यायची तर कोणाला? माझ्या जिभेने घालवलेलं माझ्या जिभेनेच परत आणलं, अशी माझी खात्री झाली. एखाद्याला हरभऱ्याच्या झाडावर दुसरे लोक चढवतात. मी स्वतःच चढलो, तेही शिडी न लावता.

पुढली तीन वर्षं मी ही गोष्ट मुंबईत सगळ्यांना सांगितली. दर खेपेला तीत थोडी भर पडे. आधी सर्कल नुसता खूश झाला होता. मग त्याचे डोळे पाणावले. शेवटी शेवटी तर त्याने उठून माझा हात हातात घेतला. बी.ए. झालो, रत्नागिरीला परत येऊन हायस्कुलात मास्तर झालो, आणि वर्गातल्या मुलांनाही तेच ऐकवत राहिलो. पदक एव्हाना खाऱ्या वाऱ्याने तांबडं पडलं होतं. चांदीचा नुसता मुलामा होता तर. तरी मी ते खुंटीवरून काढलं नाही.

तिसरं भाषण गावातल्या वाचनालयात झालं. तेव्हा प्रांतात लोकांनी निवडून दिलेले मंत्री आले होते, आणि आता शिक्षण फुकट करा, निदान गरिबांना तरी करा, अशी बोलणी जिकडे तिकडे चालली होती. वाचनालयाने चर्चा ठेवली. विरुद्ध बोलायला कोण, तर आमचे मास्तर. मी माझं जुनं भाषण काढलं, झाडलं, आणि त्याला माझी स्वतःची गोष्ट जोडली. “मी स्वतः गरिबाचा मुलगा. पण आम्ही सरकारपुढे हात पसरला नाही! सरकारी अंमलदारासमोर मी ताठ मानेने सांगितलं, मला फुकट नको. आणि त्या ताठ मानेपुढे सरकारने आपण होऊन मान तुकवली!” टाळ्या. अर्थातच टाळ्या.

लोक पांगल्यावर मागच्या बाकावरून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. मी ओळखलं नाही. म्हणाले, “मास्तर, तुमच्याकडे मी सुरमई खाल्ली होती. काटा अजून आठवतो.”

सर्कल! आता पेन्शनीत निघालेला; इथलीच हवा मानवली म्हणून इथेच राहिलेला. मी आनंदाने त्याचा हात धरायला गेलो. त्याने हात दिला नाही.

“ही गोष्ट मी दुसऱ्यांदा ऐकतोय,” तो म्हणाला. “पहिल्यांदा कोणाच्या तरी तोंडून ऐकली तेव्हा गप्प बसलो, कारण तुमच्या वडिलांना शब्द दिला होता. पण आज तुम्ही ती भर सभेत सांगितलीत. आता मला राहवत नाही.”

मग उभ्या उभ्या त्याने सांगितलं. “ताटावर एकाचं नाव कोरलेलं, वाटीवर दुसऱ्याचं, तांब्यावर तिसऱ्याचं. मला काय कळत नव्हतं? पण मला कागदावर जबाब लागतो. तुमचे पंच म्हणाले राजा माणूस, आणि तुम्ही तर भाषणच केलंत. मी हात टेकून परत गेलो. दुसऱ्या दिवशी कचेरीत गर्दी होती, तगाईचं कर्ज मागणारे, जमिनीच्या खातेफोडीवाले, निम्मा तालुका. तुमचे वडील येऊन उभे राहिले. मी म्हटलं, आत या, बसून सांगा. म्हणाले, नको, इथंच सांगतो. चपला हातात धरून, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने म्हणाले: मुलाची कॉलेजची फी भरण्याची सध्या माझी ऐपत नाही.”

“सध्या?” मी विचारलं.

“सध्या. मी लिहिताना तेवढं गाळलं. नियमात बसत नव्हतं. वाचून दाखवलं तर म्हणाले, माझा एक शब्द राहिला. मी समजावलं, तांडेल, त्याने काम अडेल. ऐकेनात. ‘सध्या’ लिवा, नाहीतर अंगठा देत नाय, म्हणाले. शेवटी लिहिलं मी, आणि मामलेदारांची बोलणी खाल्ली. दाखल्यावरही तसंच आहे. तुम्ही तो वाचला असेल की!”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“पोराला सांगू नका, म्हणाले,” सर्कल जाता जाता म्हणाला. “त्याची मान खाली जाईल, म्हणाले.”

वाचनालयापासून आमची वाडी काही लांब नाही, पण त्या संध्याकाळी मला ती वाट सरेना. माझा संताप संताप झाला, आधी स्वतःवर आणि मग त्या सगळ्या व्यवस्थेवर. अहो, द्यायचं तर सरसकट सगळ्यांना द्या, सावकाराच्या पोराला द्या नि खलाशाच्या पोराला द्या. किंवा देऊ नका, आम्ही गोण्या मोजू. पण एका माणसाला निम्म्या तालुक्यापुढे उभं करून ‘तुझी ऐपत नाही असं मोठ्याने म्हण’ हे कशाला? त्याच्या जोडीला माझ्यासारखे गाढव, ज्यांच्यासाठी तो हे म्हणतो, तेच व्यासपीठावरून स्वाभिमानाच्या गप्पा मारतात. ताठ मान माझी नव्हतीच. ती दुसऱ्याची होती. त्याने ती माझ्यासाठी एक सकाळभर खाली घातली आणि घरी येऊन सांगितलं की कापड पसंत पडलं नाही.

वडील पडवीत होते. आता त्यांना नीट दिसत नसे, मी पगारही आणत होतो, तरी ते शिवण सोडायला तयार नव्हते. बोटांनी चाचपून टाके घालत. मी कोट न काढताच त्यांच्यापाशी बसलो.

“बाबा, माझ्या दाखल्याच्या वेळी तुम्ही कचेरीत गेला होतात?”

दाभण थांबलं. “सर्कलने सांगितलान वाटतं. नको सांगू म्हटलं व्हतं मी त्याला.”

“मी इतकं घोकून घेतलं होतं तुमच्याकडून. मग ‘सध्या’ कशाला घालायला लावलंत?”

मला वाटलं, ते ओशाळतील, किंवा म्हणतील की मान राखायची म्हणून. पण त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून ते म्हणाले, “अरे, तू शिकत व्हतास ना? मग सध्याच नव्हतं काय ते?”

मग दाभण आणि दोरा माझ्यापुढे धरून म्हणाले, “ओवून दे जरा. मला दिसत नाय.”

मी घेतलं. दोनदा चुकलो. डोळ्यांत पाणी होतं, मलाही दिसत नव्हतं. तिसऱ्यांदा ओवला आणि त्यांच्या हातात दिला.